भावाला एकदा जेवू घालायचं होतं

बिल आलं की आमची हलबची माणसं उठून उभी राहतात. आत्तापर्यंत एकमेकांच्या ताटात आग्रहानं कबाब वाढणारे दोघं लगेच एकमेकांची मनगटं पिरगाळायला लागतात. एक जण नोटा माझ्या गल्ल्यावर आपटतो, दुसरा त्या उचलून पहिल्याच्या खिशात कोंबतो. तिसरा सरळ शपथ घालतो, "आज तू पैसे दिलेस तर माझ्या बायकोला तलाक!" बायको शेजारीच बसलेली असते आणि शांतपणे ऑलिव्ह खात असते, कारण असे तलाक तिनं लग्नापासून ऐकलेले असतात. बाहेरच्या जगाला आमचं शहर अलेप्पो म्हणून ठाऊक आहे. तिथल्या साबणाची आणि मिठायांची फार तारीफ होते, पण आमची खरी कला ही भांडणाची. ती आम्ही बरोबर घेऊन शारजापर्यंत आलो.

मी इथल्या एका हलबी खानावळीच्या गल्ल्यावर बसतो. मला सगळे अबू मजद म्हणतात. एवढी वर्षं हे तमाशे बघून माझा स्वभाव तिरका झाला आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. पण नझीह कत्तानबद्दल बोलताना मला तिरकं बोलता येत नाही. प्रयत्न केला तरी येत नाही.

नझीह संगमरवराच्या कंपनीत खरेदीचं काम बघायचा. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. दर शुक्रवारी नमाजानंतर बायकोला, सौसनला, घेऊन यायचा. ती माहेरी गेलेली असली की एकटाच यायचा. एकटा असला की एक गंमत व्हायची. समोर मसूरडाळीचं सूप येऊन वाफाळत असायचं आणि हा नुसता बसून राहायचा. कुणीतरी आधी सुरुवात केल्याशिवाय त्याला घासच घेता यायचा नाही. धाकट्या भावाची सवय, दुसरं काय! मग मी गल्ल्यावरून ओरडायचो, "घे रे!" तेव्हा कुठे त्याचा हात भाकरीकडे जायचा.

त्याचा बाप लवकर गेला. नझीह तेव्हा शाळेत होता. मोठा भाऊ बुरहान कॉलेज सोडून बापाच्या साबणाच्या कारखान्यात जाऊन बसला. रोज सकाळी नझीह शाळेला निघाला की बुरहान त्याच्या शर्टाच्या खिशात एक नाणं टाकायचा आणि खिशावर दोनदा थोपटायचा. पुढं शिक्षण, लग्न, इथं येण्याचं तिकीट, सगळं त्यानंच केलं. ह्या मोठ्या भावाला सगळं हलब अबू अब्दो म्हणायचं. धिप्पाड माणूस. हसला की शेजारच्या टेबलावरचे पेले हलायचे. अबू अब्दो जिथं जेवायला बसतील तिथं दुसऱ्या कुणी पैसे द्यायचे नाहीत, हा हलबमधला कायदाच होता. धाकट्यानं दिले तर मालक घ्यायचाच नाही. "अबू अब्दो असताना तुझ्याकडून घेऊ? उद्या मला साबण तरी देतील का ते?"

नझीहच्या पोटात तेवढंच एक दुखणं होतं. भावाला एकदा, फक्त एकदा, आपल्या पैशानं जेवू घालायचं. ते हलबमध्ये जमणार नव्हतं. जमलं तर इथंच, परदेशात.

एका वर्षी अबू अब्दो कसल्याशा प्रदर्शनासाठी दुबईला आले, तेव्हा मला गल्ल्यावर उभ्याउभ्या भेटूनही गेले. नझीहनं त्यांना समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात नेलं. तिथं अबू अब्दोंना कुणी ओळखत नव्हतं. जेवण झालं, बिल आलं, भावांची झटापट झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा नझीहनं आपलं क्रेडिट कार्ड आधी वेटरच्या हातात दिलं. वेटर गेला. परत आला तो वाकून कानाशी बोलायला लागला. कार्ड नाकारलं होतं. त्याच आठवड्यात नझीहनं भावासाठी हॉटेलची खोली घेतली होती, तिथल्या लोकांनी कार्डावर आधीच मोठी रक्कम अडकवून ठेवली होती आणि कार्डाची मर्यादा संपली होती. त्या बिचाऱ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

अबू अब्दोंनी नोटा काढल्या आणि हसून म्हणाले, "लाजाळू आहे रे तुझं कार्ड. परक्या माणसांत बोलत नाही."

नझीहही हसला. पण पुढच्या शुक्रवारी माझ्यासमोर बसून त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "अबू मजद, मी कुराणावर हात ठेवून शपथ घेतलीय. इथून पुढं खय्योबरोबर जेवायला बसेन ते माझ्या पैशानं. तोवर एका टेबलावर बसणार नाही."

खय्यो म्हणजे भाऊ. आमच्याकडं तो शब्द प्रेमानं आणि रागानं, दोन्हीसाठी वापरतात.

"मग माझ्याकडं घेऊन ये," मी म्हटलं. "रोख दे. मी घेतो."

"रोख? रोख तो परत माझ्या खिशात कोंबेल. खिशात नाही तर गादीखाली. मागच्या वेळी सौसनला पिठाच्या डब्यात सापडले होते. नाही. मला असं कार्ड पाहिजे की जे कुणी नाकारणार नाही."

तसं एक कार्ड होतं. नझीहच्या मालकाकडं त्यानं ते पाहिलं होतं. धातूचं, करड्या रंगाचं. त्याला खर्चाची मर्यादाच नसते. महिनाभर हवं ते घ्या, महिन्याअखेर सगळं एकदम चुकतं करा, उधारी ठेवायची नाही. पण मागितलं म्हणून ते मिळत नाही. बँक तुम्हाला पारखते आणि मग ठरवते. आणि आमचा पासपोर्ट बघितला की पारखणाऱ्यांचे डोळे बारीक होतात. ज्या देशाचं ते कार्ड, त्या देशाचं आमच्या सरकारशी वाकडं. त्यात साबणवाल्याच्या धाकट्या भावाचा काय गुन्हा, हे विचारायला कुठलीही खिडकी नव्हती.

पहिल्या बँकेनं गोड बोलून वाटेला लावलं. दुसरीनं कागद ठेवून घेतले आणि गप्प बसली. तिसऱ्या बँकेत एक भली मुलगी होती, तिनं त्याला दार लावून खरं काय ते सांगितलं. पासपोर्टचं ती काही करू शकत नव्हती, पण बाकीचं सगळं चोख असेल तर वरचे लोक कधी कधी ऐकतात. पगार वाढायला हवा. एकाच कंपनीतून, एकाच खात्यात, मध्ये खंड न पडता यायला हवा. बिनपगारी रजा नको. देशाबाहेर फार राहणं नको.

म्हणजे उन्हाळ्यात घरी जाणं बंद.

इथली आमची माणसं वर्षभर त्या एका गोष्टीवर जगतात. कडक उन्हाळा सुरू झाला की बायकामुलं घेऊन हलबला जायचं, बिनपगारी का होईना, दीड-दोन महिने राहायचं. नझीहनं त्याच्यावर पाणी सोडलं. पगार वाढावा म्हणून कंपनीत सगळ्यांनी नको म्हटलेलं रास-अल-खैमाच्या खाणीचं कामही गळ्यात घेतलं. सौसन एकटी जायची आणि परत येताना दिराकडचा साबण आणि जाऊबाईंच्या शिव्या घेऊन यायची.

चेरीचा हंगाम आला की अबू अब्दोंचा फोन यायचा. चेरीच्या आंबटगोड रसात शिजवलेले कबाब हा आमच्या शहराचा जीव. नझीह कधी कधी माझ्यासमोरच फोन घ्यायचा, आणि अबू अब्दोंचा आवाज असा की मला गल्ल्यावर ऐकू यायचा.

"येतोस का? तुझी वहिनी पातेलं चढवतेय."

"पुढच्या वर्षी, खय्यो. नक्की."

"मागच्या वर्षीही पुढच्याच वर्षी होतं. तुझं पुढचं वर्ष फार लांब राहतं रे."

फोन ठेवला की मी त्याला झाडायचो. "अरे शहाण्या, भावाला जेवू घालायला कार्ड कशाला लागतं? जा, त्याच्यासमोर बस, त्याचंच खा, त्याचा हात धर. शपथ मोडलीस तर दहा गरिबांना जेवू घाल म्हणजे फिटली."

तो मान खाली घालून म्हणायचा, "अबू मजद, तुम्ही घरातले थोरले. तुम्हाला नाही कळणार. आयुष्यभर वाढणाऱ्याच्या नाही, खाणाऱ्याच्याच बाजूला बसलं की कसं वाटतं ते."

मला राग यायचा. अजूनही येतो. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी खरंच घरातला थोरला आहे.

असे बरेच उन्हाळे गेले. आणि एका शुक्रवारी नझीह आला तो टेबलावर न जाता थेट माझ्यापाशी. शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून कार्ड काढलं आणि माझ्या काचेवर ठेवलं. टण्ण आवाज झाला. त्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं. मी हातात घेऊन तोलून पाहिलं.

"ह्याच्यावर बदाम भाजता येतील," मी म्हटलं.

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्यानं मी "घे रे" म्हणायची वाट पाहिली नाही.

तिथूनच त्यानं भावाला फोन लावला. "खय्यो, कार्ड मिळालं, चांगलं जड आहे. ये. तिकीट पाठवतो."

अबू अब्दो म्हणाले, कारखान्यात कढई चढली आहे, नंतर बघू. नंतर म्हणाले, गुडघा दुखतोय. नझीह अस्वस्थ व्हायला लागला. तिसऱ्या वेळी मात्र ते स्वतःच म्हणाले, येतो, थंडीत येतो. तिकीटही पाठव. तिकिटावरून ते भांडले नाहीत. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं, पण आनंदात असलेल्या माणसाला आणि त्याच्या मित्राला काही कळत नाही.

ज्या दिवशी जेवण होतं त्या दिवशी नझीह सकाळीच येऊन कार्ड माझ्या ताब्यात देऊन गेला. गल्ल्यावर आमची रीत अशी की ज्याचं कार्ड आधी आलं त्याचं बिल. मग मागून कुणी तलाकाची शपथ घालो की नोटा फेको, मी हात वर करतो. "खय्यो संडासाच्या निमित्तानं उठेल आणि तुमच्याकडं येईल," नझीहनं मला बजावलं. "गळ घालेल, शिव्या देईल, आपल्या मेलेल्या बापाची आठवण काढेल. तुम्ही विरघळायचं नाही."

"मी? मी दगड आहे," मी म्हटलं.

आचाऱ्यानं बाटलीत साठवलेल्या चेरीचे कबाब केले. हंगाम नव्हता, पण नझीहला तेच हवे होते. दुपारी ते दोघं आले. दार उघडलं आणि मी गल्ल्यामागून उठलो, पण मला कळेना, नझीहबरोबर हा कोण. अंगातला कोट तोच होता, फक्त आतला माणूस निम्मा झाला होता. मान कॉलरमधून बाहेर आल्यासारखी दिसत होती. नझीहनं विमानतळावरच पाहिलं असणार. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि घाईघाईनं म्हणाला, "साखर वाढलीय खय्योची. पथ्य चालू आहे."

"काय अबू मजद," अबू अब्दो म्हणाले, "अजून ह्याच खुर्चीत? बूड चिकटलं का तुझं?"

आवाज तोच होता. पेले मात्र हलले नाहीत.

जेवण चाललं होतं तेव्हा मी सगळा वेळ त्यांच्या टेबलाकडं बघत होतो. नझीह वाढत होता, पहिल्यांदाच तो वाढत होता, आणि अबू अब्दो प्रत्येक पदार्थाला नावाजत होते. ताटातलं मात्र हलत नव्हतं. कबाबाचे तुकडे ते इकडून तिकडे सरकवायचे. चेरीचा रस तेवढा भाकरीला लावून चाखला आणि डोळे मिटून बसले.

मग ते उठले. नझीहनं दुरून मला डोळ्यांनी खूण केली. मी छाती पुढं काढून तयार. ते हळूहळू गल्ल्यापर्यंत आले, काचेला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "जरा पाणी देतोस?" मी दिलं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून गोळी काढली, घेतली, माझ्या हातावर थोपटलं आणि परत गेले. बिलाचं नावही काढलं नाही.

मी कार्ड यंत्रातून ओढलं. ते कुठंही अडलं नाही. पावती मी स्वतः घेऊन गेलो, वेटरला दिली नाही. नझीह अर्धवट उठून उभा होता. त्याचा डावा हात पुढं आला होता, भावाचं मनगट धरायला. कितीतरी वर्षं ज्या झटापटीची त्यानं वाट पाहिली होती ती आता होणार होती आणि तो जिंकणार होता.

मी पावती टेबलावर ठेवली.

अबू अब्दोंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते तिथंच राहिले. "अल्ला तुला बरकत देवो," ते म्हणाले. "फार छान जेवलो, खय्यो."

एवढंच बोलले. ना शपथ, ना शिवी, ना तलाक.

नझीहचा हात तसाच हवेत राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळलं की साखरेची गोष्ट खोटी आहे आणि हा माणूस निरोप घ्यायला आला आहे. हलबचा माणूस बिलावरून भांडत नाही, तेव्हा त्याचं इथलं सगळं आटपलेलं असतं.

"भांड ना माझ्याशी," नझीह म्हणाला. "खय्यो, असा गप्प बसू नको. भांड." आणि त्यानं ती पावती भावाकडं सरकवली. "तूच दे. मी हरलो. अबू मजद, ह्याच्याकडून घ्या पैसे! माझं परत करा!"



अबू अब्दोंनी पावती परत त्याच्यापुढं सरकवली. "सही कर, वेड्या. एवढी वर्षं लावलीस जिंकायला आणि आता रडतोस?" मग ते माझ्याकडं वळले. "दाखव बघू ते कार्ड." मी दिलं. त्यांनी कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला. "कत्तान," ते म्हणाले. "आपल्या बापाचं नाव. जड आहे रे." नझीहनं कशीबशी सही केली. त्यांनी ते कार्ड धाकट्याच्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशावर दोनदा थोपटलं.

मी आत स्वयंपाकघरात निघून गेलो. मी काही दगड नाही.

नझीह भावाबरोबरच हलबला गेला. नोकरीचं काय होईल, पगाराला खंड पडेल, असलं काही त्यानं पाहिलं नाही. त्याची बिनपगारी रजा लांबत गेली तशी कंपनीनं जागा भरली, आणि बँकेनं ते कार्ड परत मागवलं. अबू अब्दोंच्या उशाशी बसून त्यानं त्यांना चमच्यानं सूप पाजलं, म्हणजे एका टेबलावर नसले तरी ते दोघं एकत्र जेवले. पण चुकलेले उन्हाळे काही परत आले नाहीत. चेरीला नुकती फुलं आली होती तेव्हा अबू अब्दो गेले.

वर्ष सरल्यावर नझीह शारजाला परतला. दुसरी, लहानशी नोकरी धरली होती. शुक्रवारी एकटाच आला आणि नेहमीच्या टेबलावर न बसता गल्ल्यापाशी खुर्ची ओढून बसला.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "मातमाच्या, म्हणजे दुखवट्याच्या, तिसऱ्या दिवशी मी तिथल्या आचाऱ्याकडं गेलो. तीन दिवस लोकांचं जेवण, कडू कॉफी, सगळं त्याच्याकडं होतं. म्हटलं हे तरी माझं. कार्ड तोवर होतं माझ्याकडं. तिथं चालणारं नव्हतं, तरी त्याच्यापुढं ठेवलं, म्हटलं पैसे मी देणार."

"मग?"

"त्यानं हात नाही लावला. म्हणाला, झालेत पैसे. म्हटलं, कुणी दिले? म्हणाला, अबू अब्दो थंडीत शारजाला निघाले ना, त्याच्या आदल्या दिवशी स्वतः येऊन देऊन गेले. तांदूळ कुठला, बकरे किती, सगळं सांगून गेले. आणि म्हणाले, मागाहून माझा धाकटा येईल, जड कार्ड घेऊन. फार हट्ट करेल. त्याच्याकडून घेऊ नको."

सांगताना नझीह हसत होता. मग त्याला हसता येईना.

मसूरडाळीचं सूप आलं. माझ्याच गल्ल्यावर, काचेवर, वेटरनं ते ठेवलं. नझीह समोर बसून राहिला, नेहमीसारखा, कुणीतरी घे म्हणायची वाट बघत. मी म्हणणार होतो. सूप निवत चाललं होतं आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो होतो.